ज्या डिस्कवर बसवायचं, त्याच डिस्कवरून: वाचनालयाच्या संगणकाचं एक प्रकरण

हार्ड डिस्कवर ठेवलेल्या आयएसओ फाइलवरून, म्हणजे अख्खी डीव्हीडी एकाच फाइलीत सामावलेल्या प्रतीवरून, लिनक्स बसवायचं, आणि तेही त्याच हार्ड डिस्कवर. हे करताना येणाऱ्या बहुतेक अडचणींचं मूळ एकच असतं. इन्स्टॉलेशन तीन टप्प्यांत चालतं: आधी ग्रब, म्हणजे संगणक सुरू होताच सिस्टीम उठवणारा प्रोग्राम; मग कर्नल, म्हणजे लिनक्सचा गाभा, आणि त्याच्याबरोबर रॅममध्ये चढणारी सुरुवातीची छोटी फाइलसिस्टीम, इनिटआरडी; मग इन्स्टॉलर. प्रत्येक टप्प्याला ती फाइल नव्याने, आपल्या पद्धतीने शोधावी लागते. आधीच्या टप्प्याला ती सापडली होती, याचा पुढच्याला काही उपयोग नसतो. पडद्यावरचा संदेश नक्की कोणाचा आहे हे आधी ओळखलं, तर निम्मं काम होतं. खालचं प्रकरण मी सविस्तर लिहितो आहे, कारण त्यात या तिन्ही टप्प्यांवरच्या अडचणी एकामागून एक आल्या.

कोकणातल्या एका तालुक्याच्या गावातलं सार्वजनिक वाचनालय. २०२४ चा सप्टेंबर. देवघेवीच्या टेबलावर एकच डेस्कटॉप: ६४ बिटचा प्रोसेसर, ४ जीबी रॅम, ५०० जीबीची हार्ड डिस्क, जुन्या पद्धतीचं बायोस, म्हणजे संगणक सुरू करणारं मूळ सॉफ्टवेअर. त्यावर डेबियन १० (डेबियन या लिनक्सची १० वी आवृत्ती) आणि पुस्तकांच्या नोंदींसाठी कोहा. कोहा हे न्यूझीलंडमधल्या ग्रंथालयासाठी तयार झालेलं आणि २००० साली वापरात आलेलं मुक्त सॉफ्टवेअर. या वाचनालयाच्या सगळ्या पुस्तकांच्या आणि सभासदांच्या नोंदी त्यातच होत्या.

डेबियन १० चा दीर्घकालीन आधार ३० जून २०२४ ला संपला. म्हणून वाचनालयाला हौसेने मदत करणाऱ्या कॉलेजातल्या एका मुलाने ११ वर जायला सुरुवात केली, आणि पॅकेजं उलगडत असताना वीज गेली. त्यानंतर संगणक सुरू व्हायचा, काळ्या पडद्यावर लॉगिनही व्हायचं, पण डेस्कटॉप उठत नव्हता आणि पॅकेजं बसवणारं एपीटी प्रत्येक आज्ञेला तक्रारींची लांबलचक यादी द्यायचं. अर्धवट अपग्रेड सावरता येतं, पण इथे ते सावरून ११ आणि मग १२ असे दोन जिने चढायचे होते, कारण डेबियनमध्ये मधली आवृत्ती गाळून उडी मारायला मान्यता नाही. सरळ १२ नव्याने बसवणं शहाणपणाचं होतं.

मग पेनड्राइव्हवरून का नाही? बायोसच्या बूट यादीत पेनड्राइव्ह येतच नव्हता, आणि चालू लिनक्समध्ये लावला तरी मोठी फाइल वाचताना यूएसबी पोर्ट मध्येच तुटायचं. माउस आणि कीबोर्ड चालत होते, एवढंच. डीव्हीडी ड्राइव्ह बंद पडून बरीच वर्षं झाली होती. इंटरनेट म्हणजे मोबाइलचा हॉटस्पॉट. हे सांगणं गरजेचं आहे, कारण नेट बरं असतं तर मी नेटबूटच्या, म्हणजे बाकी सगळं नेटवरून आणणाऱ्या इन्स्टॉलरच्या, दोन छोट्या फाइली डिस्कवर ठेवून काम सुरू केलं असतं. तो इन्स्टॉलर संपूर्ण रॅममध्ये बसतो आणि डिस्क पूर्ण मोकळी सोडतो. नेट चांगलं असेल तिथे हाच मार्ग आधी घ्यावा. इथे मात्र डीव्हीडी-१ ची सुमारे ३.७ जीबीची आयएसओ फाइल डिस्कवर ठेवून बसवणं एवढाच रस्ता उरला होता. नेटवर्क कार्ड ठणठणीत होतं, त्यामुळे लॅपटॉपवरून केबलने फाइली आणता येत होत्या.

डिस्कची पार्टिशनं, म्हणजे तिचे भाग, अशी होती (एसडीए ही डिस्क, पुढचा आकडा पार्टिशनचा): एसडीए१ वर ४० जीबीचं रूट, म्हणजे सिस्टीम; एसडीए५ वर ८ जीबी स्वॅप, म्हणजे रॅम कमी पडली तर वापरायची जागा; आणि उरलेली सगळी जागा एसडीए६ वर /होम, म्हणजे वापरकर्त्यांच्या फाइली. रॅमच्या दुप्पट स्वॅप ठेवण्याच्या जुन्या रिवाजामुळे आलेले हे ८ जीबी पुढे फार कामी आले.

मुलाने आधी बरंच काही करून पाहिलं होतं आणि प्रत्येक संदेशाचा फोटो काढून ठेवला होता. ही सवय मला फार मोलाची वाटते. त्या फोटोंवरूनच क्रम लावता आला.

पहिला फोटो ग्रबचा: फाइल सापडली नाही. आयएसओ /होममधल्या एका डाउनलोड फोल्डरमध्ये होती आणि ग्रबला त्याने /होमपासून सुरू होणारा पूर्ण मार्ग दिला होता. लिनक्स चालू असताना तो मार्ग बरोबरच असतो. पण ग्रबला माउंट, म्हणजे पार्टिशन एखाद्या फोल्डरला जोडून वापरणं, ही गोष्ट माहीत नाही. त्याला नुसती पार्टिशनं दिसतात. एसडीए६ हे स्वतंत्र पार्टिशन असल्याने ग्रबच्या दृष्टीने मार्ग तिथूनच सुरू होतो आणि त्यात /होम हा शब्द येतच नाही. ग्रबच्या आज्ञापटलावर एलएस आज्ञा देऊन, टॅब दाबत दाबत फाइलीपर्यंत पोहोचलं की हे लगेच कळतं. हे त्याचं त्यानेच सोडवलं होतं.

दुसरा फोटो अधिक बोलका. ग्रबने आयएसओ फाइल लूपबॅकने, म्हणजे ती फाइलच एक डिस्क असल्यासारखी, उघडली, तिच्यातलाच कर्नल आणि इनिटआरडी चालू केली, भाषा आणि कीबोर्ड विचारून झाले, आणि मग संदेश आला: इन्स्टॉलेशनचं माध्यम असलेलं कोणतंही उपकरण सापडलं नाही, हवे तर ड्रायव्हर द्या. इथे पुष्कळ लोक ड्रायव्हर शोधायला धावतात. पण डिस्कचा ड्रायव्हर नीट चालत होता. दुसऱ्या कन्सोलवर, म्हणजे ऑल्ट आणि एफ२ दाबून, पाहिलं तर एसडीए आणि तिची सगळी पार्टिशनं समोर होती.

झालं होतं असं. ग्रबने उघडलेलं लूप उपकरण ग्रबपुरतंच जगतं. कर्नलने ताबा घेतला की ते संपतं, आणि कर्नलला आपण एका आयएसओ फाइलीतून आलो याचा पत्ताही नसतो. त्या डीव्हीडीतली इनिटआरडी डीव्हीडीसाठीच बनवलेली. ती डीव्हीडी ड्राइव्ह धुंडाळते, आयएसओ लिहिलेला पेनड्राइव्ह धुंडाळते, पण एखाद्या पार्टिशनच्या पोटात फाइल म्हणून ठेवलेली आयएसओ ती शोधत नाही. त्या कामासाठी डेबियन वेगळी जोडी पुरवतं: एचडी-मीडिया या नावाच्या फोल्डरमधला कर्नल आणि इनिटआरडी. त्या इनिटआरडीत आयएसओ-स्कॅन नावाचा भाग असतो. तो प्रत्येक पार्टिशन माउंट करून आयएसओ फाइली हुडकतो. उबुंटू या दुसऱ्या लिनक्समध्ये हेच काम कर्नलला आयएसओ-स्कॅन/फाइलनेम हा पर्याय देऊन होतं, म्हणून उबुंटूसाठी लिहिलेली ग्रबची नोंद नाव बदलून डेबियनला लावली की ती हमखास इथेच येऊन अडते.

मी फोनवर एवढं सांगितल्यावर त्याने हॉटस्पॉटवरून ती जोडी उतरवून घेतली. फाइली लहान असल्याने ते जमलं. मग तिसरा संदेश: झटपट शोधात आयएसओ सापडली नाही, सखोल शोध करू का? झटपट शोध फक्त नेहमीच्या जागा, म्हणजे पार्टिशनच्या वरवरच्या पातळ्या पाहतो. आपली फाइल वापरकर्त्याच्या फोल्डरमधल्या डाउनलोडमध्ये होती. त्याने ती थेट एसडीए१ च्या मुळाशी, रूटमध्ये नेऊन ठेवली आणि ती लगेच सापडली. या हालचालीचा परिणाम पुढे दिसेल.

चौथा फोटो पाठवताना मुलाने लिहिलं होतं, "दादा, आता सापडली, पण म्हणतोय कर्नल मोड्यूल्सच नाहीत." संदेशाचा मजकूर तसा स्पष्ट आहे: चालू असलेला कर्नल आणि माध्यमावरची मोड्यूल्स (कर्नलला लागेल तेव्हा जोडायचे भाग) यांचा मेळ बसत नाही. इन्स्टॉलर तरीही पुढे जायचं का असं विचारतो. जाऊ नये. फाइलसिस्टीम, नेटवर्क, डिस्क यांचे ड्रायव्हर त्या मोड्यूल्समध्येच असतात. त्यांच्याशिवाय दोन पावलं पुढे जाऊन वेगळाच, दिशाभूल करणारा संदेश मिळतो.

याची खात्री दोन ओळींत होते. ऑल्ट-एफ२ च्या कन्सोलवर यूनेम -आर दिलं की चालू कर्नलची आवृत्ती दिसते. मग /सीडीरॉमच्या पूल फोल्डरमध्ये लिनक्सची मोड्यूल पॅकेजं पाहायची. त्यांच्या नावातच आवृत्ती असते. इथे कर्नल होता ६.१.०-२५ आणि डीव्हीडीवरची मोड्यूल्स ६.१.०-१८ ची. डीव्हीडी कॉलेजातून आणलेली, १२.५ ची, म्हणजे फेब्रुवारी २०२४ ची. एचडी-मीडियाची जोडी मात्र डेबियनच्या 'करंट' फोल्डरमधून घेतलेली, आणि ऑगस्टअखेर १२.७ आल्यामुळे 'करंट' म्हणजे १२.७ झालं होतं. दोन्ही डेबियन १२ च, दोन्ही अस्सल, फक्त एकमेकांचे नव्हते. दशांशचिन्हानंतरचा तो आकडा किरकोळ समजून सोडून दिला जातो, आणि या पद्धतीत नेमका तोच अडवतो.

उपाय दोन होते. स्नॅपशॉट डॉट डेबियन डॉट ऑर्ग इथे तारखेनुसार जुन्या फाइली जपलेल्या असतात, तिथून १२.५ ची लहान जोडी घेणं, किंवा १२.७ ची अख्खी डीव्हीडी आणणं. मी तिकडे जाणारच होतो, म्हणून घरून १२.७ ची डीव्हीडी आणि तिचीच एचडी-मीडिया जोडी लॅपटॉपवर घेतली. एसएचए-२५६ ची बेरीज, म्हणजे फाइल जशीच्या तशी आली का हे सांगणारा आकडा, डेबियनने दिलेल्या यादीशी ताडून पाहिली, आणि वाचनालयाच्या संगणकावर नकलून झाल्यावर पुन्हा ताडली. लांबच्या प्रवासाला निघताना ही दोन मिनिटं वाचवू नयेत.

तिथे पोहोचल्यावर ग्रंथपाल मॅडमनी एकच विचारलं: "नोंदी जाणार नाहीत ना?" मुलाची समजूत होती की /होम वेगळं आहे आणि आपण ते फॉरमॅट करत नाही, म्हणजे नोंदी सुरक्षित आहेत. ही समजूत फार ठिकाणी आढळते, आणि ती घातक आहे. कोहाच्या नोंदी मारियाडीबी या डेटाबेसमध्ये असतात आणि मारियाडीबीचा डेटा /व्हार/लिब/मायएसक्यूएलमध्ये, म्हणजे रूट पार्टिशनवर. कोहा रोज आपोआप बॅकअप घेतं हेही खरं, पण तो जातो /व्हार/स्पूल/कोहामध्ये. तेही रूटच. एसडीए१ फॉरमॅट झालं असतं तर नोंदी आणि त्यांचा बॅकअप एकदमच गेले असते.

म्हणून इन्स्टॉलरला हात लावण्याआधी जुनी सिस्टीम काळ्या पडद्यावर उठवली. मारियाडीबी अजून सुरू होत होतं. मायएसक्यूएलडम्पने पूर्ण डेटाबेस एका फाइलीत काढला, /ईटीसी/कोहा आणि स्पूलमधले बॅकअप सोबत घेतले, सगळं केबलवरून लॅपटॉपवर आणलं, आणि डम्पची फाइल लॅपटॉपवरच्या रिकाम्या मारियाडीबीत भरून पुस्तकांची आणि सभासदांची संख्या मॅडमना दाखवली. त्यांनी ती रजिस्टरशी ताडून होकार दिला, तेव्हाच पुढे सरकलो. न उघडता ठेवलेल्या बॅकअपवर माझा विश्वास नाही.

आता पाचवी अडचण, आणि या प्रकरणाचा गाभा. जुळणारी जोडी मिळाल्यावर इन्स्टॉलर पार्टिशनच्या पडद्यापर्यंत सहज गेला. एसडीए१ फॉरमॅट करून रूट म्हणून वापर, असं सांगितलं. उत्तर आलं: फाइलसिस्टीम तयार करता आली नाही. पडद्यावर कारण नाही. कारण ऑल्ट-एफ४ वरच्या नोंदवहीत होतं: एसडीए१ माउंट आहे, इथे फाइलसिस्टीम बनवणार नाही. आयएसओ एसडीए१ वर होती; आयएसओ-स्कॅनने ते पार्टिशन /एचडी-मीडियावर माउंट केलेलं, त्यातली आयएसओ /सीडीरॉमवर, आणि इन्स्टॉलर आपली पॅकेजं तिथूनच वाचत होता. आपण बसलेली फांदी तोडायला सांगत होतो, आणि फॉरमॅट करणाऱ्या आज्ञेने योग्य तेच केलं.

जोर लावून अनमाउंट करण्याचे सल्ले या टप्प्यावर मिळतात. उबुंटूच्या लाइव्ह सत्रात /आयसोडिव्हाइस, म्हणजे आयएसओ ठेवलेलं पार्टिशन, सोडवून घेण्याचा प्रकार त्यातलाच. सगळं रॅममध्ये चढवलेलं असेल तर ते ठीक आहे. इथे ४ जीबी रॅम आणि ३.७ जीबीची डीव्हीडी, प्रश्नच मिटला.

दुसरा विचार: आयएसओ एसडीए६ वर, म्हणजे /होममध्ये ठेवावी. ते पार्टिशन फॉरमॅट करायचंच नाही, मग अडचण काय? अडचण सूक्ष्म आहे. आयएसओ-स्कॅन ते पार्टिशन फक्त वाचण्यासाठी माउंट करतो. इन्स्टॉलरला तेच पार्टिशन /होम म्हणून लिहिण्यासाठी हवं असतं. एकच फाइलसिस्टीम एका जागी फक्त-वाचनीय आणि दुसऱ्या जागी लेखनीय अशी माउंट करायला कर्नल नकार देतो. तेव्हा इन्स्टॉलेशनच्या वेळी /होम जोडायचंच नाही आणि नंतर हाताने एफएसटॅबमध्ये, म्हणजे काय कुठे जोडायचं त्या यादीत, घालायचं, असं करावं लागलं असतं. जमतं, पण नवा वापरकर्ता आधी रूटवरच्या तात्पुरत्या /होममध्ये तयार होतो आणि मग निस्तरत बसावं लागतं.

म्हणून नजर गेली त्या ८ जीबी स्वॅपकडे. त्यावर कोणाचाही डेटा नाही, नव्या सिस्टीमला ते इन्स्टॉलेशनपुरतं लागतही नाही, आणि ३.७ जीबीची फाइल तिथे ऐसपैस बसते. जुन्या सिस्टीममध्ये स्वॅप बंद केलं, एसडीए५ वर ईएक्सटी४ फाइलसिस्टीम तयार केली, आयएसओ तिच्या मुळाशी ठेवली आणि कर्नल-इनिटआरडीची जोडी शेजारच्या फोल्डरमध्ये. जुन्या एफएसटॅबमधली स्वॅपची ओळही बंद केली, नाहीतर जुनी सिस्टीम पुढच्या वेळी उठताना नसलेल्या स्वॅपची दीड मिनिट वाट पाहत बसते.

एक धोका उरला होता. मूळ ग्रबच्या फाइली एसडीए१ वर होत्या. एसडीए१ फॉरमॅट झाल्यापासून नवं ग्रब बसेपर्यंत वीज गेली, तर संगणक ग्रबच्या रेस्क्यू पडद्यावर अडकणार, आणि या संगणकाला बाहेरून बूट करायला दुसरी वाटच नाही. वीज जाण्यानेच तर सगळं सुरू झालं होतं. त्यामुळे ग्रब-इन्स्टॉलला बूट-डिरेक्टरी म्हणून एसडीए५ वरचं फोल्डर देऊन ग्रब आधीच तिथे हलवलं. त्याच्या मेनूत दोन नोंदी ठेवल्या: एक इन्स्टॉलरची, एक जुन्या सिस्टीमची. पार्टिशनचा क्रमांक लिहिण्याऐवजी सर्च आज्ञेने फाइलीवरून पार्टिशन शोधायला सांगितलं. मग संगणक बंद करून दोन्ही नोंदी चालतात हे पाहिलं. आता इन्स्टॉलेशन कुठेही तुटलं तरी बटण दाबून पुन्हा इन्स्टॉलरपाशी येता येणार होतं.

इन्स्टॉलेशन मग अगदी साधं झालं. पार्टिशनची मांडणी हाताने निवडली: एसडीए१ फॉरमॅट करून रूट, एसडीए६ फॉरमॅट न करता /होम, एसडीए५ ला 'वापरू नका'. पार्टिशनांचे आकार बदलले नाहीत. चालू डिस्कच्या पार्टिशन तक्त्याला अशा वेळी हात न लावणं बरं. स्वॅप नाही म्हणून इन्स्टॉलरने परत जायचं का विचारलं, नाही म्हटलं. वापरकर्त्याचं नाव जुनंच दिलं. पहिल्या वापरकर्त्याला १००० हा क्रमांक मिळतो, जुन्यालाही तोच होता, त्यामुळे /होममधल्या फाइलींची मालकी आपोआप जुळली. शेवटी ग्रब एसडीएवर बसवलं.

कोहा डीव्हीडीवर नसतं. ते त्याच्या स्वतःच्या भांडारातून घ्यावं लागतं, आणि त्यासाठी मोबाइलचं नेट लागलंच. डेटाबेसचा डम्प भरून कोहाच्या स्कीमा-अपग्रेडने तो नव्या आवृत्तीला जुळवला, कोहाच्या शोधयंत्राची, झेब्राची, सूची नव्याने बांधली, आणि मॅडमनी एका सभासदाचं पुस्तक परत करून घेतलं. संख्या रजिस्टरशी जुळली.

एसडीए५ पुन्हा स्वॅप करायचं ठरलं होतं, पण मुलाने सुचवलं की ते आहे तसंच ठेवू. मला ते पटलं. ज्या संगणकाला बाहेरून बूट करता येत नाही, त्याच्या पोटात चालणारा इन्स्टॉलर आणि त्याचा रेस्क्यू पर्याय कायम असणं फार मोठी सोय आहे. स्वॅप रूटवरच्या २ जीबीच्या फाइलीत घातलं, इन्स्टॉलरची नोंद ग्रबच्या ४०_कस्टम फाइलीत टाकली म्हणजे ग्रब अद्ययावत झालं तरी ती टिकेल, आणि एसडीए५ वर एक मजकूर फाइल ठेवली: आयएसओ बदलाल तेव्हा शेजारचा कर्नल आणि इनिटआरडीही त्याच आवृत्तीचे घ्या, आणि तिन्ही एकदमच बदला.